बिघाड आधी, नमुना नंतर



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते बंद पडलेले यंत्र विद्यार्थ्यांसमोर उघडून शिकवत असत, असे इथल्या ज्येष्ठांकडून मी ऐकले आहे. आजचा विषय त्या पद्धतीला धरूनच आहे. तो सॉफ्टवेअरचा आहे, आणि त्यातही परस्परसंवादी मल्टिमीडियाचा. चित्र हलते, आवाज येतो आणि समोरचा माणूस माउसने किंवा बोटाने कुठल्याही क्षणी मध्ये पडू शकतो, असे हे प्रोग्राम: शाळेतले इ-लर्निंगचे धडे, खेळ, संग्रहालयातले टचस्क्रीन. ते बहुतेक ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीने लिहिले जातात. पडद्यावरचे प्रत्येक बटण, प्रत्येक पान, प्रत्येक ध्वनी हा एक ऑब्जेक्ट असतो. त्याची स्वतःची माहिती असते, स्वतःची कामे असतात आणि इतर ऑब्जेक्टांशी संबंध असतात. हे संबंध कसे बांधावेत याच्या वापरून पारखलेल्या रचनांना डिझाइन पॅटर्न म्हणतात.

आपल्याकडे डिझाइन पॅटर्न हा परीक्षेचा विषय आहे. बिघाड कसा शोधावा, हे मात्र पोरांनी नोकरीला लागल्यावर आपोआप शिकावे, असे गृहीत धरलेले असते. ही फाळणी मला मान्य नाही. प्रत्येक पॅटर्न म्हणजे कुणीतरी पुन्हा पुन्हा भोगलेल्या एका बिघाडावरचा तोडगा आहे. तो बिघाड ज्याने पाहिलेला नाही त्याला पॅटर्नची आकृती काढता येते, पण ती कुठे लावायची आणि कुठे लावायची नाही हे कळत नाही. म्हणून आज मी पॅटर्नच्या व्याख्येपासून सुरुवात करणार नाही. एका बिघाडापासून करतो.

हे उदाहरण फ्लॅशमधले आहे. तरुण श्रोत्यांसाठी थोडे सांगायला हवे. जोनाथन गे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेले ‘फ्यूचरस्प्लॅश अ‍ॅनिमेटर’ 1996 मध्ये बाजारात आले. मॅक्रोमीडियाने ते बनवणारी कंपनी विकत घेतली आणि त्याचे नाव फ्लॅश झाले. 2005 च्या अखेरीस मॅक्रोमीडियाच अडोबीकडे गेली. सुरुवातीला ते चित्रकाराचे साधन होते: टाइमलाइन, फ्रेम आणि ‘इथे थांब’, ‘तिथे जा’ अशा दोन-चार आज्ञा. 2000 सालच्या फ्लॅश 5 मध्ये अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ही भाषा आली आणि 2006 मध्ये अ‍ॅक्शनस्क्रिप्ट 3.0 आल्यावर ती पुरती ऑब्जेक्ट-ओरिएंटेड झाली. पुण्या-मुंबईतल्या इ-लर्निंग कंपन्यांत त्या काळी हजारो धडे फ्लॅशमध्ये बनले. कलामहाविद्यालयातून आलेली मुले अ‍ॅनिमेशन करता करता प्रोग्रामर झाली. या लोकांबद्दल मला फार आदर आहे. संगणकशास्त्राची पदवी नसताना त्यांनी जे बिघाड निस्तरले, ते पदवीधरांनाही जड जातात.

आता बिघाड. सातवीच्या विज्ञानाचा एक धडा आहे. बाहेरची चौकट कायम राहते. तिच्यात ‘मागे’, ‘पुढे’ आणि ‘उत्तर तपासा’ ही बटणे आहेत. आतली पाने बदलतात. प्रश्नाच्या पानावर मूल पर्याय निवडते, ‘उत्तर तपासा’ दाबते, उत्तर बरोबर असेल तर एक गुण मिळतो आणि ‘शाब्बास’ असा आवाज येतो. चाचणी घेणाऱ्याची तक्रार येते: कधीकधी गुण जास्त मिळतात.

‘कधीकधी’ हा शब्द हटवणे हे दुरुस्तीचे पहिले काम. बिघाड हुकमी घडवता येत नाही तोवर प्रोग्रामच्या एका ओळीलाही हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे. इथे थोड्या प्रयत्नांनी कळते की मूल प्रश्नाच्या पानावरून मागे जाऊन परत आले, की एका बरोबर उत्तराला दोन गुण मिळतात. आणखी एकदा जाऊन आले की तीन. म्हणजे हा योगायोग नाही, काहीतरी साठत चालले आहे. दुसरा पुरावा कानाला मिळतो. दुसऱ्या खेपेला ‘शाब्बास’ मोठ्याने ऐकू येते, कारण तोच आवाज एकाच क्षणी दोनदा सुरू झाला की कानाला तो एकच पण चढा वाटतो. तिसरा पुरावा सगळ्यात बोलका. पहिल्या खेपेला बरोबर उत्तर देऊन मूल मागे गेले, परत आले आणि आता मुद्दाम चुकीचा पर्याय निवडला, तरी एक गुण मिळतो. ‘चूक’ आणि ‘शाब्बास’ दोन्ही एकदम ऐकू येतात. समोरच्या पानाने तर चूक म्हटले, मग शाब्बास कोण म्हणते आहे?

इथवर आलेला माणूस उत्तराच्या दारात उभा आहे. तरी बहुतेक जण इथेच वाट चुकतात. कुणी गुण वाढवणाऱ्या ओळीवर संशय घेतो. ती ओळ निर्दोष असते. कुणाला वाटते माउसचे डबल क्लिक होत असेल. घाईत असलेला कुणीतरी अशी सोय करतो की एकदा गुण दिल्यावर अर्धा सेकंद दुसरा गुण द्यायचाच नाही. आकडा बरोबर दिसू लागतो, तक्रार बंद होते आणि धडा शाळेत पोहोचतो. तिथे जुन्या संगणकावर तासभर वापरल्यावर तो जड होतो, अडखळतो. लक्षण झाकले गेले होते. मूळ दुखणे जिथल्या तिथे होते.

नीट तपासणारा माणूस वेगळे करतो. पानाचा ऑब्जेक्ट जन्माला येताना त्याला तो एक क्रमांक देतो, आणि उत्तर तपासणाऱ्या फंक्शनच्या पहिल्याच ओळीत तो क्रमांक छापतो. बटण एकदा दाबल्यावर दोन ओळी उमटतात: पान क्रमांक 1, पान क्रमांक 2. पडद्यावर एकच पान आहे, पण ऐकणारी पाने दोन आहेत.

असे का होते? पान तयार होताना त्याने बाहेरच्या चौकटीतल्या बटणाकडे आपली नोंद केली: तुला कुणी दाबले की मला सांग. अ‍ॅक्शनस्क्रिप्टमध्ये याला लिसनर जोडणे म्हणतात. मूल मागे गेले तेव्हा पान पडद्यावरून उतरवले, पण नोंद तशीच राहिली. मूल परतल्यावर नवे पान जन्मले आणि त्यानेही नोंद केली. एक बारकावा इथे मुद्दाम सांगतो. एकाच ऑब्जेक्टचे तेच फंक्शन त्याच इव्हेंटसाठी दोनदा जोडले, तर फ्लॅश ते एकदाच नोंदवते. त्यामुळे ‘दुहेरी नोंद होणे शक्यच नाही’ असे पुस्तकाचा हवाला देऊन सांगणारे जाणकार भेटतात. पुस्तक बरोबर असते. पण इथे ऑब्जेक्टच नवा आहे, म्हणून नोंदही नवी.

मासिकाच्या वर्गणीदाराने घर सोडले आणि कळवले नाही, तर अंक जुन्या पत्त्यावर येत राहतो, तसे हे आहे. फरक एवढाच की इथे वर्गणीदाराचे नाव यादीत आहे म्हणूनच तो जिवंत राहतो. फ्लॅशमध्ये नको असलेली मेमरी मोकळी करणारी यंत्रणा असते, तिला गार्बेज कलेक्टर म्हणतात. ज्या ऑब्जेक्टपर्यंत कुठल्याच जिवंत ऑब्जेक्टकडून वाट जात नाही, तो तिने उचलायचा. बटण कायमचे आहे, बटणाच्या यादीत पान आहे, म्हणून पानापर्यंत वाट आहे. ते पान, त्याची चित्रे, त्याचा आवाज, सगळे मेमरीत राहते. गुण दुप्पट होणे आणि धडा जड होणे ही दोन्ही लक्षणे एकाच दुखण्याची.

उपाय तीन सुचतात आणि तिन्हींची किंमत वेगळी आहे. पहिला: जो नोंद करतो त्यानेच ती काढायची. पान पडद्यावरून उतरताना त्याला तसा इव्हेंट मिळतो, त्या वेळी त्याने केलेल्या सगळ्या नोंदी पुसायच्या. यात एक काटा आहे. लिसनर म्हणून जागच्या जागी लिहिलेले निनावी फंक्शन दिले असेल, तर ते नंतर काढता येत नाही, कारण काढताना तेच फंक्शन हातात असावे लागते आणि पुन्हा लिहिलेले फंक्शन अक्षरशः सारखे दिसले तरी वेगळे असते. दुसरा उपाय: लिसनर जोडताना शेवटचा, पाचवा पर्याय वापरून नोंद ‘दुबळी’ करायची, म्हणजे निव्वळ त्या नोंदीपोटी पान जिवंत राहणार नाही. अनेकांना हा उपाय फार आवडला. मी त्याच्या विरुद्ध आहे. गार्बेज कलेक्टर आपल्या सोयीने येतो, आपल्या हुकमाने नाही. तो येईपर्यंत जुने पान ऐकतच राहते. मग काही संगणकांवर गुण दुप्पट होतात आणि काहींवर होत नाहीत. हुकमी घडणाऱ्या बिघाडाचे आपण पुन्हा ‘कधीकधी’ केले. तिसरा उपाय: पानांनी बटणाकडे नोंद करायचीच नाही. चौकटीने बटण ऐकायचे आणि आत्ता समोर जे पान आहे फक्त त्यालाच विचारायचे. या धड्यासाठी मी हाच निवडेन, कारण इथे एका वेळी एकच पान ऐकणार हे रचनेतच ठरलेले आहे.

आता पॅटर्नचे नाव सांगायला हरकत नाही. नोंदणी, बदल झाला की सर्वांना कळवणे आणि नोंद रद्द करणे, या रचनेला ऑब्झर्व्हर म्हणतात. एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीस या चौघांच्या 1994 मध्ये निघालेल्या पुस्तकातल्या 23 पॅटर्नपैकी तो एक आहे. हे पुस्तक कुठल्या मातीतून आले ते फारसे सांगितले जात नाही. गामा यांनी झुरिकमध्ये ‘इटी प्लस प्लस’ या चित्रमय पडदे बांधण्याच्या साधनसंचावर काम केले होते. व्लिसिडीस स्टॅनफर्डमधल्या ‘इंटरव्ह्यूज’ या तशाच संचावर काम करत होते. पुस्तकातला सविस्तर सोडवलेला नमुना ‘लेक्सी’ नावाच्या दस्तऐवज संपादकाचा आहे, म्हणजे तोही पडद्यावर दिसणारा आणि माउसला उत्तर देणारा. आज हे पॅटर्न बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या प्रणालींच्या संदर्भात शिकवले जातात, पण यांतले कितीतरी पडद्याशी झुंजताना सापडले. ऑब्झर्व्हरच्या प्रकरणात, ज्याच्यावर लक्ष ठेवायचे तोच नष्ट झाला तर निरीक्षकांकडे लोंबकळती नाती उरतात, असा इशाराही आहे. परीक्षेला जाताना विद्यार्थी आकृती पाठ करतात, इशारा वगळतात.

याच्याही मागे जाऊ. नॉर्वेचे त्रिग्वे रीन्सकौग 1978-79 मध्ये झेरॉक्सच्या पालो अल्टो इथल्या संशोधन केंद्रात पाहुणे होते. जहाजबांधणीसाठीच्या सॉफ्टवेअरचा अनुभव गाठीशी घेऊन ते तिथे गेले होते. माणसाच्या डोक्यातले कामाचे चित्र आणि संगणकातली माहिती यांत पूल कसा बांधावा, हा त्यांचा प्रश्न होता. डिसेंबर 1979 च्या त्यांच्या टिपणात मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर अशी विभागणी आहे: माहिती एकीकडे, तिचे दर्शन दुसरीकडे, माणसाच्या हालचाली टिपणारा भाग तिसरीकडे. स्मॉलटॉक भाषेत ही विभागणी नांदायची तर माहितीला आपली दर्शने कोणती हे ठाऊक नसताना त्यांना बदल कळवता आला पाहिजे. त्यासाठी ‘अवलंबितांची’ यादी होती. ती नाती सोडण्यासाठी ‘रिलीज’ नावाचा संदेशही होता, कारण तो पाठवला नाही तर ऑब्जेक्ट मेमरीत अडकून पडत. आमच्या सातवीच्या धड्यातले ते जुने पान पालो अल्टोतही होते. बिघाड पॅटर्नइतकाच जुना आहे, दोघे एका घरात जन्मले.

आणि आता त्या माणसाकडे यायला हवे ज्याच्याकडून पॅटर्न ही कल्पना सॉफ्टवेअरवाल्यांनी घेतली. ख्रिस्तोफर अलेक्झांडर हे वास्तुविशारद होते. 1977 मध्ये त्यांनी सारा इशिकावा, मरे सिल्व्हरस्टीन आणि इतर सहकाऱ्यांबरोबर 253 पॅटर्नचा ग्रंथ प्रसिद्ध केला. गावापासून खिडकीजवळच्या बैठकीपर्यंत सगळे त्यात आहे. दहा वर्षांनी, 1987 मध्ये, केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी ही कल्पना पडद्यांच्या रचनेला लावून पाहिली. एवढा इतिहास बहुतेक पुस्तकांत येतो. माझ्या मते महत्त्वाचे पुस्तक आधीचे आहे, 1964 सालचे ‘नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म’. त्यातले मोठे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. गुजरातमधल्या बावरा या गावात राहून अलेक्झांडर यांनी त्या गावाच्या रचनेशी निगडित 141 गरजांची यादी केली. गुरे, पाणी, शेती, अस्पृश्यतेचे नियम, घराचे दार दक्षिणेकडे नको ही समजूत, सगळे एका यादीत. यांतली कुठली गरज कुठल्या गरजेत गुंतलेली आहे हे त्यांनी ताडून पाहिले आणि घट्ट गुंतलेल्या गरजांचे गट पाडले. प्रत्येक गटाला शक्यतो स्वतंत्रपणे हाताळता यावे, हा हेतू होता. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड रचनाकार आज दुसरे काय करतो?

त्या पुस्तकातला विचार असा: चांगली रचना म्हणजे काय याची यादी संपत नाही, पण काय बसत नाही हे बोट ठेवून दाखवता येते. ‘उत्तम घर’ सांगता येत नाही. ‘या घरात धूर कोंडतो’ हे सांगता येते. म्हणून रचना म्हणजे न बसणाऱ्या गोष्टी एकेक करून काढत जाणे. डिबगिंगची याहून नेमकी व्याख्या मला माहीत नाही, आणि ती पॅटर्नच्या जनकाने पॅटर्नच्याही आधी लिहून ठेवली आहे. पुढे 1996 मध्ये सॅन होजेला प्रोग्रामरांच्या परिषदेत अलेक्झांडर बोलले. त्यांचा सूर कौतुकाचा होता, पण प्रश्नही रोखठोक होता: तुमच्या पॅटर्नमुळे प्रोग्राम खरोखर चांगले झाले का?

या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. एकेका बिघाडापाशी जाऊन ते शोधावे लागते. म्हणून दुसरे उदाहरण घेतो.

भारताच्या नकाशावर राज्ये ओढून नेऊन बसवण्याचा खेळ आहे. मूल महाराष्ट्राचा तुकडा धरते, ओढते, आणि माउस नकाशाच्या बाहेर सरकल्यावर बटण सोडते. परत आत आल्यावर तुकडा माउसला चिकटलेलाच आहे. सोडल्याचा इव्हेंट तुकड्याला कळलाच नाही, कारण सोडताना माउस तुकड्यावर नव्हता. फ्लॅशच्या आधीच्या आवृत्तीत ‘बाहेर सोडले’ असा वेगळा इव्हेंट होता. अ‍ॅक्शनस्क्रिप्ट 3.0 आले तेव्हा तो नव्हता, म्हणून ओढणे सुरू होताच संपूर्ण रंगमंचाकडे, म्हणजे स्टेजकडे, ‘बटण सुटले की सांग’ अशी नोंद करायची आणि सुटल्यावर ती काढायची, ही रीत पडली. इथवरचा बिघाड सोपा आहे. अवघड पुढे आहे. ओढत असतानाच वेळ संपली तर? ओढत असताना ‘मदत’ची खिडकी उघडली तर? आवाज चालू असताना तुकडा उचलला तर? प्रोग्रामर दर वेळी एक झेंडा लावतो: ओढतो आहे, थांबला आहे, आवाज चालू आहे, वेळ संपली आहे. चार झेंड्यांच्या सोळा अवस्था होतात. त्यांतल्या पाच-सहा अर्थपूर्ण असतात, बाकीच्यांत बिघाड राहतात. दुरुस्तीसाठी पाचवा झेंडा आला की अवस्था बत्तीस.

स्टेट हा पॅटर्न इथे कामाचा. अर्थपूर्ण अवस्थांना नावे द्यायची, प्रत्येकीचा ऑब्जेक्ट करायचा, आणि कुठल्या अवस्थेतून कुठल्या घटनेने कुठे जाता येते एवढेच लिहायचे. ज्याची वाट लिहिलेली नाही ते घडत नाही. डेव्हिड हारेल यांनी इस्रायलच्या लावी लढाऊ विमानाच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर काम करताना 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ‘स्टेटचार्ट’ची आकृती घडवली ती याच गरजेतून. अमुक अवस्थेत तमुक बटण दाबले तर काय होईल, याचे एकच स्पष्ट उत्तर जाडजूड कागदपत्रांतून काढणे कठीण झाले होते. विमानाचे पॅनेल आणि मुलांचा नकाशा यांत जिवाची जोखीम वेगळी आहे, प्रश्न तोच आहे. या पॅटर्नचा बिघाडशोधनातला फायदा मला फार मोलाचा वाटतो. अवस्था बदलण्याची जागा एकच राहते, म्हणून तिथे एक ओळ छापली की मुलाने काय केले याचा सगळा प्रवास समोर येतो. झेंड्यांच्या प्रोग्राममध्ये ही एक जागा सापडतच नाही.

वेळेचे बिघाड मी थोडक्यात सांगतो. 1978 मध्ये तोमोहिरो निशिकादो यांच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये शत्रू मरत जातील तसे उरलेले वेगाने चालू लागत, कारण कमी आकृत्या काढायला प्रोसेसरला कमी वेळ लागे. तो परिणाम त्यांनी खेळाची गंमत म्हणून ठेवला. 1980 च्या दशकात 4.77 मेगाहर्ट्झच्या पहिल्या आयबीएम पीसीवर बेतलेले खेळ नव्या संगणकांवर इतके वेगाने पळू लागले की यंत्र मुद्दाम हळू करण्यासाठी ‘टर्बो’ बटण आले. चूक एकच: ‘प्रत्येक फ्रेमला इतके सरक’ असे सांगणे, ‘प्रत्येक सेकंदाला इतके सरक’ असे न सांगणे. म्हणून गेम लूप या पॅटर्नमध्ये जगाची स्थिती पुढे नेणे आणि ते चित्रित करणे ही दोन कामे वेगळी करतात. आवाजाला हे सर्वांत आधी टोचते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे 45 मिलिसेकंद आधी किंवा 125 मिलिसेकंद नंतर आला की प्रेक्षकाला जाणवू लागतो. फ्लॅशच्या जुन्या 12 फ्रेमच्या गतीत एक फ्रेमच 83 मिलिसेकंदांची. आवाज एक फ्रेम आधी आला तरी ओठ आणि शब्द फारकत घेतात. म्हणूनच फ्लॅशमध्ये ‘स्ट्रीम’ प्रकारच्या आवाजाला प्राधान्य होते: आवाज थांबत नाही, चित्राच्या फ्रेम गाळल्या जातात.

आता पॅटर्नच्या अतिरेकाविषयी. 2006 नंतरच्या काही वर्षांत अ‍ॅक्शनस्क्रिप्टच्या जगात केर्नगॉर्म, प्युअरएमव्हीसी अशा तयार चौकटींचा वापर वाढला आणि चार पानांच्या धड्यातही वीस-पंचवीस क्लास दिसू लागले. केर्नगॉर्ममध्ये सगळी माहिती एका ‘मॉडेल लोकेटर’मध्ये ठेवत, आणि तो सिंगलटन होता, म्हणजे संपूर्ण प्रोग्रामात एकच आणि कुणालाही कुठूनही हात घालता येईल असा. सिंगलटनमुळे नेमका कुठला बिघाड दुरुस्त होतो, हे मी अनेक प्रोग्रामरांना विचारले आहे. समाधानकारक उत्तर क्वचित मिळाले. तो निर्माण करतो तो बिघाड मात्र स्पष्ट आहे: गुण कुणी बदलले हे शोधायचे तर संशयित म्हणून सगळा प्रोग्राम उभा करावा लागतो. गामा यांनीही 2009 च्या एका मुलाखतीत, यादी पुन्हा केली तर सिंगलटन वगळायला आपली पसंती आहे, असे सांगितले. पीटर नॉर्व्हिग यांनी तर 1996 मध्येच दाखवले होते की लिस्प किंवा डिलन यांसारख्या भाषांत 23 पैकी 16 पॅटर्न एक तर दिसेनासे होतात किंवा बरेच सोपे होतात. भाषेनेच तो बिघाड मिटवला असेल, तर तोडगा पाठ करून काय उपयोग? पॅटर्न कुठल्या भाषेतल्या कुठल्या अडचणीसाठी आहे, हे विचारल्याशिवाय तो वापरू नये.

फ्लॅश 31 डिसेंबर 2020 ला संपले. 12 जानेवारी 2021 पासून प्लेयरने चालणेच बंद केले. हजारो धडे, खेळ, अ‍ॅनिमेशनपट एका दिवसात मुके झाले, आणि त्यात मराठी मुलांसाठी बनलेले धडेही होते. आज रस्ट भाषेत लिहिलेला ‘रफल’ हा मुक्तस्रोत प्रकल्प त्यांतले पुष्कळ काम पुन्हा चालवून दाखवतो. इंटरनेट अर्काइव्हने नोव्हेंबर 2020 पासून तो वापरला. हे काम करणाऱ्यांपुढचा पेच पाहा. जुने धडे प्लेयरच्या बारीक सवयींवर टेकलेले असतात, कुठला इव्हेंट आधी आणि कुठला नंतर यावर. म्हणून जुन्या प्लेयरच्या लकबीही जशाच्या तशा उभ्या कराव्या लागतात. आपल्याकडच्या ज्या संस्थांकडे त्या काळातल्या फाइली पडून आहेत, त्यांनी तयार एसडब्ल्यूएफ फाइलींबरोबर मूळ एफएलए फाइलीही जपाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

फ्लॅशचे काम आता ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने होते, आणि सातवीच्या धड्यातले जुने पान तिथेही भेटते. फरक असा की साधनांनी धडा घेतला आहे. रिअ‍ॅक्ट या लोकप्रिय लायब्ररीत इफेक्ट लिहिताना साफसफाईचे फंक्शन तिथल्या तिथे परत देता येते, म्हणजे नोंद करणे आणि नोंद काढणे एकाच जागी दिसते. 2022 च्या 18 व्या आवृत्तीपासून तिच्या कडक तपासणीच्या मोडमध्ये, प्रोग्राम तयार होत असताना, प्रत्येक घटक मुद्दाम जोडला जातो, उतरवला जातो आणि पुन्हा जोडला जातो. साफसफाई राहिली असेल तर गुण दुप्पट होण्याचा बिघाड शाळेत नाही, लिहिणाऱ्याच्या टेबलावरच पहिल्या मिनिटात दिसतो. ‘मागे जा, परत ये’ ही जी चाचणी पूर्वी एखाद्या चिकाटीच्या परीक्षकाला सुचावी लागे, ती साधनातच शिवून दिली आहे. पॅटर्न आणि बिघाडशोधन एकच विषय मानला की काय होते, याचे हे मला सापडलेले सर्वांत चांगले उदाहरण.

शिक्षकांसाठी माझा प्रस्ताव सरळ आहे. ऑब्झर्व्हर शिकवायचा त्या दिवशी फळ्यावर आकृती काढू नका. प्रश्नाचे पान असलेला एक बिघडलेला प्रोग्राम विद्यार्थ्यांना द्या. फ्लॅश लागत नाही, साध्या जावास्क्रिप्टच्या पन्नासेक ओळींत तो होतो. सोबत फक्त तक्रार द्या: कधीकधी गुण जास्त मिळतात. दोघादोघांच्या जोड्या करा. प्रत्येक जोडीने वहीत तीन रकाने आखावेत: आम्हाला काय वाटते, ते खरे असेल तर काय दिसायला हवे, आणि प्रत्यक्षात काय दिसले. बिघाड हुकमी घडवून दाखवल्याशिवाय कुणालाही कोड बदलू देऊ नका. दुबळी नोंद सुचवणारी जोडी निघाली तर तिला अडवू नका, त्यांनाच दोन वेगवेगळ्या ब्राउझरांत चाचणी घ्यायला लावा. सगळ्यांच्या दुरुस्त्या झाल्यावर त्या फळ्यावर लावून तुलना करा आणि मग, तासाच्या शेवटी, पॅटर्नचे नाव सांगा. पुढच्या तासाला नकाशाचा तुकडा आणि चार झेंडे. हा सराव या सत्रात ज्यांना करून पाहायचा आहे, त्यांनी कार्यक्रमानंतर जरूर भेटावे. दोन्ही बिघडलेले प्रोग्राम मी बरोबर आणले आहेत.